खडूची टेकडी, चिकणमातीचं गाव: अफिंग्टन समजून घेताना

लंडनहून ब्रिस्टलकडे जाणारी गाडी डिडकॉट सोडून स्विंडनच्या दिशेनं निघाली की डाव्या हाताच्या खिडकीबाहेर एक लांबलचक हिरवी टेकडी सोबत धावू लागते. हवा स्वच्छ असेल तर तिच्या माथ्याजवळ चार-पाच पांढऱ्या रेषा दिसतात. आधी त्या पायवाटाच वाटतात. मग एकदम ध्यानात येतं की तो घोडा आहे. लांब पाठ, सुटे पाय, चोचीसारखं तोंड, एक गोल डोळा. ऐन दौडीत असलेला घोडा.

2024 च्या उन्हाळ्यात हा घोडा ब्रिटनमध्ये बातमीत आला. कडेचं गवत वर्षानुवर्षं थोडं थोडं आत सरकत होतं. डोक्याजवळच्या आणि मानेजवळच्या रेषा पूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था पुरातत्त्वज्ञांना सोबत घेऊन ते गवत कापून काढत होती. बातमी वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की तीन हजार वर्षांची आकृती गवतानं झाकली जाते म्हणजे काय? ती दगडात कोरलेली नाही का?

रूढ अर्थानं नाही. का नाही, हे कळायचं तर घोड्यापासून सुरुवात करून भागत नाही. पायथ्याशी अफिंग्टन नावाचं साधारण आठशे वस्तीचं गाव आहे, ऑक्सफर्डशायर परगण्यात. 1974 पर्यंत ते बर्कशायरमध्ये होतं. त्या गावाच्या खालची माती आणि समोरच्या टेकडीतला दगड, सुरुवात तिथून करावी लागते.

‘डाऊन’ म्हणजे खाली ना? मग टेकडीला डाऊन का म्हणतात?

इंग्लंडच्या दक्षिण भागात गवताळ, गोलसर पाठीच्या टेकड्यांच्या रांगा आहेत. त्यांना ‘डाऊन्स’ म्हणतात. नवख्या माणसाचा इथेच गोंधळ उडतो. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी, आणि हा शब्द त्यातून आला. गंमत अशी, की ‘खाली’ या अर्थाचा ‘डाऊन’सुद्धा त्याच डूनमधून निघाला. ‘टेकडीवरून’ अशा अर्थाचा जुना प्रयोग झिजत झिजत ‘खाली’ झाला. म्हणजे टेकडी आधीची, खाली उतरणं नंतरचं.

या टेकड्यांचा आकार ओळखायला सोपा आहे. आपल्याकडचं एकपाखी छप्पर आठवा, एका बाजूला उभी भिंत आणि दुसरीकडे लांबवर उतरत गेलेली पाख. अफिंग्टनची टेकडी अगदी तशी आहे. उत्तरेला, गावाच्या बाजूला, उभा चढ. दक्षिणेला कित्येक किलोमीटर हळूहळू उतरत जाणारी पाठ. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 260 मीटर. सह्याद्रीच्या माणसाला ही उंची काहीच वाटणार नाही. पण ऑक्सफर्डशायरमध्ये याहून उंच जागा नाही, आणि समोरची दरी इतकी सपाट आहे की माथ्यावर उभं राहिलं की अर्धा परगणा पायाखाली असल्यासारखा वाटतो.

दगड की खडू?

खडूच. शाळेत फळ्यावर वापरतो तो आजकाल बहुधा जिप्समचा असतो. डाऊन्सचा खडू मात्र अस्सल, म्हणजे मऊ आणि पांढरीशुभ्र चुनखडी. साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यात सूक्ष्म एकपेशीय शैवाल तरंगत असे. त्याच्या अंगावर चुन्याच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चकत्या असत. शैवाल मरे, चकत्या तळाशी बसत. हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर थर. असं कोट्यवधी वर्षं चाललं आणि शेकडो मीटर जाडीचा खडू साचला.

महाराष्ट्राशी याचा एक खरा धागा आहे. आपला काळा कातळ ज्या लाव्ह्यातून घडला तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, खडू साचण्याच्या युगाच्या अगदी शेवटी, भूगर्भातून वाहत आला. म्हणजे डाऊन्सचा पांढरा दगड सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षा थोडा थोरला. एक आगीतून आला, एक संथ समुद्राच्या तळातून. दोघांचे स्वभावही तितकेच वेगळे आहेत.

खडूचा स्वभाव माठासारखा. माठ हाताला घट्ट लागतो, पण त्याच्या भिंतीत असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात आणि पाणी त्यांतून झिरपत राहतं. खडूच्या आकारमानाचा सुमारे तिसरा हिस्सा अशा पोकळ जागेचा असतो. शिवाय त्याला बारीक भेगा असतात, आणि पाण्याची खरी ये-जा त्या भेगांतूनच होते. म्हणून डाऊनवर कितीही पाऊस पडला तरी माथ्यावर ओढा नाही, डबकं नाही. पडलं ते पाणी आत जातं. जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या अशा खडकाला भूशास्त्रात ‘जलधर’ म्हणतात. दक्षिण इंग्लंडची तहान मोठ्या प्रमाणात याच पांढऱ्या माठावर भागते.

मग गाव टेकडीवर का वसलं नाही?

कारण तिथे प्यायला पाणी नाही. खडूत मुरलेलं पाणी खाली खाली जातं आणि शेवटी चिकणमातीच्या थराशी थांबतं. चिकणमाती पाण्याला वाट देत नाही. आडवं सरकण्याखेरीज पाण्याला गत्यंतर नसतं, आणि उभा चढ जिथे संपतो, जिथे खडूचा बूड उघडा पडतो, तिथे ते झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. नकाशावर हे झरे जोडत गेलात तर टेकडीच्या पायथ्याशी एक ओळच उमटते, आणि त्याच ओळीच्या आसऱ्यानं गावं बसलेली दिसतात: ॲशबरी, कॉम्प्टन बोशँप, वूलस्टन, किंग्स्टन लाइल. वूलस्टन थेट झऱ्यांवर आहे. अफिंग्टन त्याच्या थोडं पुढे, चिकणमातीच्या सपाटीवर, जिथे हे पाणी ओढ्यांनी वाहत येतं. पुढे ते ऑक नदीला मिळतं आणि ऑक ॲबिंग्डनजवळ थेम्समध्ये जाते.

पूर्वेला लेटकम बॅसेट गावात याच झऱ्यांवर वॉटरक्रेस नावाची पाणभाजी पिकवत. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं, कारण ते खोलवरून बारा महिने जवळपास एकाच तापमानाला, साधारण 10-11 अंशांना, बाहेर येतं. या भाजीला ते मानवतं. लंडनच्या बाजारात ती नावानिशी विकली जाई.

घरंसुद्धा या दगडाचीच. खडूच्या थरांतला त्यातल्या त्यात कठीण दगड काढून त्याचे ठोकळे रचत. अशा भिंतीला वरून आणि खालून पाण्यापासून सांभाळावं लागतं, म्हणून जोतं कठीण दगडाचं आणि वर गवतानं शाकारलेलं, भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं छप्पर. डोक्याला टोपी आणि पायात जोडे असले की खडूची भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असं तिथले जुने बांधकाम करणारे म्हणत. अफिंग्टनमध्ये 1617 साली बांधलेली शाळेची एक छोटी खोली अजून उभी आहे. तिथे आता गावाचं संग्रहालय आहे. जवळच 13व्या शतकातलं सेंट मेरी चर्च आहे. त्याचा अष्टकोनी मनोरा आणि एकूण आवाका इतक्या लहान गावाच्या मानानं मोठा. हे गाव ॲबिंग्डनच्या श्रीमंत मठाच्या मालकीचं होतं. 1086 च्या महसुली नोंदीत तशी नोंद आहे.

शिवार असं पट्टीसारखं का?

मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, आणि पर्यटक नेमका तोच पाहत नाहीत, कारण तो नकाशावरच दिसतो. अफिंग्टन आणि शेजारच्या गावांची जुनी शिवारं लांबोडक्या पट्ट्यांसारखी आहेत. उत्तरेला दरीतल्या ओलसर कुरणात सुरू होतात, गावातून जातात, चढ चढतात आणि डाऊनच्या पाठीवर दक्षिणेकडे संपतात. लांबी कित्येक किलोमीटर, रुंदी मात्र थोडी.

भाऊवाटणी आठवली की कोडं सुटतं. तीन भावांत वीस एकर वाटायची झाली तर शहाणी माणसं एकाला सगळी बागायत आणि दुसऱ्याला सगळा माळ देत नाहीत. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी काळी, थोडी मुरमाड, थोडा माळ आणि विहिरीवरची पाळी येईल अशी उभी वाटणी करतात. रोमन गेल्यावर इथे येऊन वसलेल्या सॅक्सन लोकांनी हजारएक वर्षांपूर्वी हेच केलं. खालच्या चिकणमातीत कुरण आणि लाकूड, मधल्या उतरत्या जमिनीत धान्य, वरच्या खडूवर चराई, आणि मधोमध झरा. प्रत्येक गावाला सगळं थोडं थोडं.

वाटणीचे कागदही उरले आहेत. पूर्वी हा सगळा टापू एकच मोठी जहागीर होती. तिचं नाव माथ्यावरच्या जुन्या किल्ल्यावरून पडलेलं होतं. 10व्या शतकात त्यातला एक भाग वुल्फ्रिक नावाच्या सरदाराला मिळाला. त्याचं ते वूलस्टन. अफिंग्टन हे ‘उफा’ नावाच्या माणसाचं. त्या काळच्या दानपत्रांत जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात, आपल्या खरेदीखतात असतात तशाच: अमुक झाडापासून तमुक बांधापर्यंत. शेजारच्या कॉम्प्टनच्या 955 सालच्या दानपत्रात सीमेची खूण म्हणून ‘वेलंडची लोहारशाळा’ येते. ती खरं तर साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी. सॅक्सन लोकांना ती कोणी बांधली हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ती आपल्या कथांतल्या वेलंड नावाच्या दैवी लोहाराच्या नावावर लावली. पुढे अशी समजूत रुळली की घोडा आणि एक नाणं तिथे ठेवून बाजूला व्हायचं, परत यावं तो घोड्याला नाल ठोकलेला असतो.

वरच्या जमिनीत तर मातीच नाही. तिथे पिकायचं काय?

खडूवर मातीचा थर वीतभरसुद्धा नसतो. तिथली खरी दौलत मेंढ्या, आणि तीही लोकरीइतकीच लेंड्यांची. मेंढपाळ दिवसभर कळप डाऊनवर चारत आणि रात्री खाली उतरवून धान्याच्या शेतात हलत्या कुंपणात कोंडत. दुसऱ्या रात्री कुंपण पुढच्या तुकड्यावर. मेंढ्या वरचं गवत पोटात घालून त्याचं खत खालच्या शेताला पोचवत. आपल्याकडे धनगर वाड्यावर आले की शेतकरी रानात मेंढ्या बसवायला सांगतात, अगदी तेच. इंग्लंडच्या खडूच्या मुलखात शतकानुशतकं धान्य पिकलं ते या रात्रीच्या मुक्कामांवर.

खालच्या चिकणमातीत मात्र गायी. दाट गवत, भरपूर दूध आणि चीज. दरीतलं चीज वायव्येला बस्कॉटच्या धक्क्यावरून होड्यांनी थेम्समार्गे लंडनला जाई. इंग्रजीत दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं म्हणायचं तर ‘खडू आणि चीज’ म्हणतात. डाऊन्सच्या मुलखात या दोन शब्दांचा शेतीशी सरळ संबंध लावतात: वरचा मुलूख खडूचा, खालचा चीजचा. अफिंग्टनच्या शिवारात दोन्ही आहेत, चालत तासाभराच्या अंतरावर.

19व्या शतकात कालवा आला आणि त्यामागून 1840 साली रेल्वे. दोन्ही खालच्या सपाटीतून गेले, टेकडीवर कोणी गेलं नाही. गावाला 1864 मध्ये स्टेशन मिळालं आणि बरोबर शंभर वर्षांनी ते बंद झालं. टेकडीच्या मागे लॅम्बोर्नला आज शर्यतीचे घोडे तयार करतात. खडूवरची हिरवळ पाणी साचू देत नाही, म्हणून तिथे पावसाळी दिवसांतही घोडे दौडवता येतात. खडूच्या घोड्यामागे जिवंत घोडे धावत असतात ते असे दगडाच्या गुणामुळे.

माथ्यावर पाणी नव्हतं, तर मेंढ्या प्यायच्या काय?

डाऊनवर जागोजाग गोल, उथळ तळी दिसतात. त्यांना ‘ड्यू पाँड’ म्हणतात, म्हणजे दवाचं तळं. नाव फसवं आहे, कारण त्यात दवाचा वाटा नगण्य. पाणी जवळजवळ सगळं पावसाचं. खरी करामत तळाशी असते. चिकणमाती कालवून, तुडवून तुडवून तिचा अस्तरासारखा थर देत, म्हणजे खडू पाणी पिऊन टाकत नाही. माठात पाणी टिकवायला आतून लुकण लावावं तसा हा उपाय. अस्तराला तडा गेला की तळं काही दिवसांत कोरडं. म्हणून हीही दर काही वर्षांनी हात फिरवावा लागणारी गोष्ट.

आज या पाण्याची चर्चा का चालू आहे?

डाऊनच्या दक्षिण अंगाला लॅम्बोर्नसारख्या नद्या खडूतूनच उगम पावतात. त्यांना खडूचे प्रवाह म्हणतात. दगडातून गाळून आलेलं पाणी असल्यानं ते काचेसारखं नितळ, आणि जगातल्या अशा प्रवाहांपैकी सुमारे 85 टक्के एकट्या इंग्लंडमध्ये आहेत. या नद्यांचा वरचा भाग बऱ्याचदा हिवाळ्यात-वसंतातच वाहतो. खडूतलं पाणी चढलं की नदी वर सरकते, उतरलं की उगम खाली येतो. हा त्यांचा नैसर्गिक श्वास आहे, रोग नव्हे.

रोग वेगळा आहे. शहरांसाठी त्याच खडूतून पंपानं पाणी उपसलं जातं. माठातलं पाणी खालून तोटीनं काढत राहिलं तर पातळी कडेपर्यंत चढणार कशी? शेतातली रसायनं मुरून जातात, ती वेगळीच. ती खडूत हळूहळू उतरतात, म्हणून आज नदीत दिसणारं नायट्रेट कैक वर्षांपूर्वी टाकलेल्या खताचं असू शकतं. फवारणी आज थांबवली तरी पाणी उद्या स्वच्छ होत नाही, हे समजून घ्यायला हवं.

यावर सुचवलेला एक उपाय म्हणजे अफिंग्टनच्या पूर्वेला, याच दरीत, ॲबिंग्डनजवळ प्रचंड जलाशय बांधणं. प्रस्तावित साठा 15 कोटी घनमीटर. जागा तिथेच का? तर खाली चिकणमाती आहे आणि ती पाणी धरते. ड्यू पाँडचीच युक्ती, फक्त आकार गावांच्या शिवारांना गिळणारा. समर्थक म्हणतात, यामुळे खडूच्या नद्यांवरचा भार कमी होईल. दरीतले रहिवासी विचारतात, गळक्या नळांतून जाणारं पाणी आधी का वाचवत नाही? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण गळतीचा प्रश्न जलाशय झाला तरी तसाच राहणार, म्हणून आधी त्याचं उत्तर मागणारे लोक मला चुकीचे वाटत नाहीत.

आता घोडा. तो काढला कसा?

नुसतं गवत खरवडून नव्हे. लांबी सुमारे 110 मीटर. प्रत्येक रेषेसाठी चर खणला, काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर खोल, आणि त्यात पांढरा खडू भरून ठोकून ठोकून बसवला. घराचा पाया भरतात तसं काम. म्हणून तो टिकला. पण पृष्ठभागावरचा खडू पावसानं मळतो, त्यावर वरून माती ओघळते, बी पडतं, कडेचं गवत मुळं पसरतं. आकृती दगडात कोरली असती तर प्रश्न नव्हता. ही पाया भरलेली रांगोळी आहे, आणि रांगोळी पुन्हा पुन्हा भरावी लागते.

तीन हजार वर्षं हा आकडा आला कुठून?

शंका रास्त आहे. खडूवर तारीख लिहिलेली नसते. पूर्वी बरेच लोक मानत की सॅक्सन राजा आल्फ्रेडनं 871 मध्ये डेन लोकांचा, म्हणजे व्हायकिंग आक्रमकांचा, पराभव केला त्या विजयाची ही खूण. मग लोहयुगातल्या नाण्यांवर असाच चोचीसारख्या तोंडाचा घोडा सापडला आणि अंदाज मागे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत गेला. आकृतीवरून बांधलेले हे सगळे तर्क होते.

1990 मध्ये ऑक्सफर्डच्या पुरातत्त्वज्ञांनी घोड्यात छोटा खड्डा घेतला आणि चरातल्या सर्वांत खालच्या गाळाचे नमुने अंधारातच काढले. अंधारात का, ते सांगतो. वाळूचा कण म्हणजे पागोळीखाली ठेवलेलं भांडं समजा. मातीत गाडलेला असताना आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे त्यात थेंब थेंब ऊर्जा साठते. सूर्यप्रकाश लागला की भांडं रिकामं होतं. परत गाडला की शून्यापासून पुन्हा भरू लागतं. प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपानं बाहेर पडते. किती साठली आणि दर वर्षी किती साठते हे मोजलं की कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं.

उत्तर आलं: इसवी सनापूर्वी साधारण 1380 ते 550 यांच्या दरम्यान. पट्टा रुंद आहे, हे मान्य. ‘तीन हजार वर्षं’ हा त्यातला गोल आकडा आहे, नेमकं साल नव्हे. पण आल्फ्रेड राजा या चर्चेतून कायमचा बाहेर पडला, एवढं नक्की. हीच पद्धत डॉर्सेटमधल्या सर्न ॲबस गावच्या खडूतल्या राक्षसाला लावली तेव्हा उलटं झालं. कुणी त्याला प्राचीन मानत होतं, कुणी 17व्या शतकातला. 2021 मध्ये त्याची तारीख इसवी सन 700 ते 1100 च्या दरम्यानची निघाली. म्हणजे ही पद्धत सगळ्याच गोष्टींना मुद्दाम जुनी ठरवते असा आक्षेप टिकत नाही.

पण तो घोडाच कशावरून?

चोच पाहून अनेकांना शंका येते. कुणी कुत्रा म्हणतं. खालच्या सपाट माथ्याच्या उंचवट्याला ड्रॅगन हिल म्हणतात. संत जॉर्जनं तिथे ड्रॅगन मारला आणि त्याचं रक्त सांडलं तिथे गवत उगवत नाही, अशी दंतकथा आहे. त्यामुळे हा ड्रॅगनच, असं म्हणणारेही निघतात. एवढं मात्र लेखी आहे की 11व्या शतकात ॲबिंग्डनच्या मठाच्या कागदपत्रांत या टेकडीला ‘पांढऱ्या घोड्याची टेकडी’ म्हटलंय. म्हणजे हजार वर्षं तरी लोक त्याला घोडाच म्हणत आलेत.

कशासाठी काढला यावर एकमत नाही. 2017 मध्ये जोशुआ पोलार्ड या पुरातत्त्वज्ञांनी मांडलं की हिवाळ्यात सूर्य टेकडीच्या कडेनं खालून वर सरकतो, तेव्हा घोडा त्याच्यामागे धावतोय असं वाटतं. प्राचीन युरोपात सूर्य ओढणाऱ्या घोड्याची कल्पना होती, त्यातला हा असावा. सात घोड्यांचा सूर्यरथ लहानपणापासून पाहिलेल्या आपल्याला हे पटकन पटतं. पटकन पटतं म्हणूनच मी जरा सावध राहतो.

एकदाच सिमेंट ओतून मोकळं का होत नाहीत?

हा प्रयोग शेजारच्या विल्टशायरमध्ये झालेला आहे. वेस्टबरीचा पांढरा घोडा 1950 च्या दशकात काँक्रीट करून रंगवला. काँक्रीट काळवंडतं, त्यावर शेवाळ चढतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा धुवावा आणि रंगवावा लागतो. कष्ट वाचले नाहीत, फक्त खडू गेला.

अफिंग्टनच्या लोकांनी जुनीच वाट धरली. पूर्वी साधारण दर सात वर्षांनी आसपासच्या गावांतली माणसं फावडी घेऊन वर जात, घोडा खरवडून साफ करत, आणि कामानंतर माथ्यावरच्या जुन्या किल्ल्यात जत्रा भरे. कुस्त्या लागत. ‘मँजर’ नावाच्या खोल घळीतून चीजची चाकं गडगडत सोडत आणि पोरं मागे धावत. मँजर म्हणजे गव्हाण, रात्री घोडा तिथे चरायला उतरतो म्हणे. अशी शेवटची मोठी जत्रा 1857 मध्ये झाली. पुढे प्रथा बारगळली आणि जपणूक संस्थांकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये म्हणून घोडा मुद्दाम हिरवळीनं आणि फांद्यांनी झाकला होता. युद्ध संपल्यावर पुन्हा उघडा केला.

हिशेब करून पाहा. लिपी नव्हती तेव्हापासून रोमन आले-गेले, सॅक्सन आले, नॉर्मन आले, भाषा बदलली, देव बदलले. शंभरहून अधिक पिढ्या. एका पिढीनं जरी ‘आपलं काय जातंय’ म्हटलं असतं तर घोडा गवताखाली गेला असता आणि पुढच्यांना तो तिथे आहे हे कळलंही नसतं.

पण गवत वाढू दिलं तर निसर्गाचं भलंच ना?

आजकाल हा प्रश्न कळकळीनं विचारला जातो, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. डाऊनची हिरवळ माणसानं आणि मेंढ्यांनी मिळून घडवलेली आहे. जंगल तोडलं गेलं ते हजारो वर्षांपूर्वी. त्यानंतर सतत चराई. पातळ, निकस मातीत एकही गवत माजत नाही, आणि वाढू पाहणारं मेंढी कुरतडते. त्यामुळे बारक्या वनस्पतींना जागा मिळते. चांगल्या खडूच्या गवताळ जमिनीत एका चौरस मीटरमध्ये 40 पर्यंत जाती सापडतात. हॉर्सशू व्हेच नावाचं एक पिवळं फूल आहे. त्याच्या शेंगा घोड्याच्या नालेसारख्या वाकड्या असतात. खडूच्या टेकड्यांवरच्या एका निळ्या फुलपाखराच्या अळ्या तेवढंच खातात. ते फूल गेलं की फुलपाखरू गेलं.

चराई थांबली की काय होतं हे 1953 नंतर दिसलं. मिक्सोमॅटोसिस या रोगानं ब्रिटनमधले बहुतेक ससे मेले. जिथे मेंढ्याही नव्हत्या तिथे काही वर्षांत काटेरी झुडपं उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धापासून खडूच्या गवताळ जमिनीतली सुमारे 80 टक्के नांगराखाली, खताखाली नाहीतर झुडपाखाली गेली, असं सांगितलं जातं. झुडपांनाही किंमत आहे, पक्षी त्यांत घरटी करतात, म्हणून काठाकाठानं ती ठेवतातही. पण संपूर्ण उतार सोडून दिला तर मिळणारं रान इंग्लंडमध्ये इतरत्र भरपूर आहे, आणि जाणारी हिरवळ मात्र फार कमी उरलीये. म्हणून मेंढ्या ठेवाव्या लागतात, आणि मेंढ्यांनी जरा जास्त खाल्लं तरी बिघडतं, म्हणून मेंढपाळही.

स्विंडन किंवा रेडिंगला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना हे गाव गाडीनं तासाभरात आहे. गेलात तर आधी वूलस्टनच्या झऱ्याशी थांबा, मग चढ चढा. दर उन्हाळ्यात घोडा पांढरा करायला स्वयंसेवकांना बोलावतात. हातात हातोडा आणि खडूची बादली मिळते. गुडघ्यांवर बसायचं, तण उपटायचं, नवा खडू पसरायचा आणि तो कुटून कुटून खालच्या थरात बसवायचा. तिथून घोडा दिसत नाही. दिसतो तो समोरचा हातभर पांढरा पट्टा, त्याच्या कडेचं गवत, आणि खाली दरीत अफिंग्टनच्या चर्चचा अष्टकोनी मनोरा.